मुर्दाबादला मोगऱ्याची वेल

तुम्ही भिंतीवर एखाद्याला ‘मुर्दाबाद’ लिहिलंत, आणि सकाळी जाऊन पाहिलंत तर त्या मुर्दाबादच्या चारी बाजूंनी कुणीतरी मोगऱ्याची वेल काढून ठेवलेली असेल, तर तुम्ही काय कराल?

मी आधी संतापलो. मग जवळ जाऊन पाहिलं. कळ्या फार सुरेख काढल्या होत्या. म्हणून आणखी संतापलो.

घोषणा माझी होती आणि आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या चेअरमनविरुद्ध होती. कारखान्याचं नाव सांगत नाही. लांबून सगळ्यांच्या चिमण्या सारख्याच दिसतात. रोजगार हमीच्या रस्त्यासाठी आलेलं डांबर मी डबाभर आणलं होतं. डांबर सरकारचं, सरकार जनतेचं आणि जनता म्हणजे मी, असं माझं त्या काळातलं तर्कशास्त्र होतं. भिंत फाट्यावरच्या शेवंताकाकूंची. त्यांना विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. क्रांती काय परवानगी काढून येते?

मी पत्रकांवर वाढलेला. वडील शेतमजूर, पण जिथं सभा तिथं ते, आणि परत येताना खिशात पत्रक. आमच्या घरात ‘अ’ अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. त्यामुळं माझ्या वाक्यात एकदा शत्रू आला की मागोमाग त्याचे हस्तक, दलाल आणि पाठीराखे यायचे, आणि ते सगळे बसेपर्यंत भिंत संपायची. मग मुद्दा शेजारच्या घरावर न्यावा लागे. शेजारी दुसऱ्या गटाचा निघाला तर मुद्दा तिथंच थांबायचा. त्या दिवशीही माझं वाक्य ‘शेतमजुरांच्या घामावर’ इथंच अडकलं होतं. त्या घामावर आता एक हिरवा राघू बसला होता.

“काय म्हणती भिंत?” मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर अनसूया वाघमारे. एका हातात रंगाचे डबे, दुसऱ्या हातात कुंचल्यांची पिशवी, बोटांना नीळ. कारखान्याच्या जनसंपर्क अधिकारी. कुणीही भेटलं तरी बाई ‘नमस्कार’ किंवा ‘कसं काय’ न म्हणता ‘काय म्हणती भिंत’ म्हणायच्या. समोरचा भिंतीपाशी नसला, अगदी यष्टीत बसलेला असला तरी.

“तुम्ही माझ्या घोषणेची विटंबना केली!” मी गरजलो.

“विटंबना कशाची? शेवंताकाकू सकाळपासनं फोडणीगत तडतडत हायत. त्यांची पोरं काठ्या घिऊन तुमास्नी हुडकायला निघाली व्हती. डांबर काय पुसत न्हाय. म्हणलं, काकू, थांबा, नक्षी काढून देते. नक्षी बगून पोरं गप झाली.”

“आणि तो राघू?”

“जागा मोकळी दिसली.”

“अहो, पण ती घोषणा तुमच्याच चेअरमनच्या विरोधात आहे!”

“चेरमनच्या इरोधात हाय. भिंतीच्या न्हाय ना?”

एवढं बोलून त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, बाजारात कलिंगड वाजवून बघतात तसं. “भिंत लई गुणाची हाय, लेखक. पुढच्या टायमाला पांढऱ्या मातीचा हात दिऊन मग लिवा. आणि जरा कमी लिवा. वाचणारी बाई घागर घिऊन चाललेली असती. तिनं तुमचे हस्तक आन् दलाल मोजीत किती येळ थांबावं?”

त्या दिवसापासून मी त्यांचा कट्टर विरोधक झालो. म्हणजे रोज त्यांना गाठून वाद घालू लागलो.

बाई कळंबच्या. आमच्याच समाजाच्या. आधी बालवाडीत शिकवायच्या. पाट्या नव्हत्या, म्हणून भिंतीवर चित्रं काढून शिकवायच्या. बहात्तरच्या दुष्काळात बालवाडी बंद पडली तेव्हा खडी फोडायला गेल्या, आणि तिथं झोळीतली पोरं रडू नयेत म्हणून दगडांवर कोळशानं हत्ती-घोडे काढू लागल्या. कुठल्याशा साहेबानं ते पाहिलं आणि त्यांना कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवायला लावलं. बाईंनी त्रिकोणांनाही झालर काढली. कारखान्याचा आधीचा जनसंपर्क अधिकारी चेअरमनसाहेबांचा भाचा होता. त्याला संपर्क जमायचा, जन जमत नव्हते. तो पुण्याला निघून गेला आणि तोवर कारखान्याच्या भिंती रंगवू लागलेल्या बाई त्या खुर्चीवर आल्या. मला ही बढती म्हणजे भांडवलशाहीनं टाकलेलं जाळं वाटायचं. बाईंना ती रंगाचे डबे ठेवायला मिळालेली खोली वाटायची. खोलीच्या दारावर पाटी होती. आत डब्यांबरोबर कारखान्याचे जुने झेंडे आणि सभासदांच्या लग्नांना द्यायची भांडी असायची.

काम सोपं होतं. ‘ऊस लावा’, ‘सभासद व्हा’ असली वाक्यं गावोगावच्या भिंतींवर रंगवायची. पण बाई भिंत मागायला जायच्या त्या स्थळ बघायला गेल्यासारख्या. आधी घरच्या बाईशी बोलणं, मग भिंतीची तब्येत, मग तिला वरून पाणी लागतं का याची चौकशी. चहा व्हायचा. पुष्कळ घरी त्यांच्यासाठी कोनाड्यात वेगळा कप असायचा. मी ते पाहून पेटायचो. बाई स्वतःच विचारायच्या, “माझा कप हाय न्हवं जाग्यावर?” त्या प्रश्नानं घरातली बाई जितकी वरमायची, तितकी ती माझ्या कुठल्याही भाषणानं वरमली नाही, हे मला तेव्हा मान्य नव्हतं.

आणि कारखान्याच्या वाक्याखाली जी जागा उरे ती घरच्या बाईची. तिनं सांगायचं, अनसूयाबाईंनी काढायचं. कुणी मोर सांगे, कुणी तुळस. एका सासुरवाशिणीनं दारात नळ काढून मागितला.

“चित्रातला का हुईना, पण माज्या दारात असू द्या,” ती म्हणाली.

बाईंनी नळ असा काढला की पोरं त्याच्याखाली घागरी ठेवू लागली. एक पाहुणा जेवण झाल्यावर तिथं हात धुवायला गेला असंही सांगतात. हे मात्र मी पाहिलेलं नाही.

पुढं पुन्हा दुष्काळ पडला. कारखान्याचा टँकर गावांना पाणी देऊ लागला, पण कधी येईल त्याचा नेम नव्हता. बाया दिवसभर फाट्यावर घागरी मांडून बसायच्या आणि रोजगार हमीवरची त्या दिवसाची मजुरी बुडायची. मी यावर एक जळजळीत पत्रक काढलं. ते वाचून कुणाची मजुरी वाचली नाही. बाई टँकरच्या ड्रायव्हरकडं गेल्या, त्याच्याकडून फेऱ्या विचारून घेतल्या आणि फाट्यावर शेवंताकाकूंच्या घराच्या दुसऱ्या भिंतीवर लिहून टाकल्या. ‘मंगळवार, सकाळी.’ बाजूला फाट्यावरच्याच कडुनिंबाच्या शेंड्यावर आलेला सूर्य, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही वेळ कळावी. ड्रायव्हर बिचारा पेचात पडला. भिंतीवर लिहिल्यावर यायला उशीर कसा करणार? पोरं वर सूर्याकडं आणि मग त्याच्याकडं बघायची.

चेअरमनसाहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. मीही निषेध नोंदवायला दारात उभा होतो. आत कुणी घेतलं नाही, पण ऐकू येत होतं.

“बाई, टँकर म्हंजे कारखान्याची मेहेरबानी. तुमी तर पार यष्टीचं टाइमटेबल करून टाकलं! मेहेरबानीला टाइम असतोय व्हय?”

“मेहेरबानीला नसतोय साहेब, पण घागरीला असतोय.”

“त्ये काय बी असू द्या. मंगळवारी मंत्रीसाहेब येणार हायत. फाट्यावरची भिंत पुसून घ्या आन् झक्क ‘हार्दिक स्वागत’ लिवा. जमत नसंल तर नोकरी बी सोडा आन् क्वार्टर बी.”

क्वार्टर म्हणजे कॉलनीतली दीड खोली. बाईंना दुसरं घर नव्हतं.

मी बाहेरच त्यांना गाठलं. “राजीनामा फेका त्यांच्या तोंडावर!”

“आन् मग खाऊ काय? तुमचं पत्रक?”

पत्रक मी लिहून ठेवलंच होतं. त्यात बाईंना ‘अन्यायाच्या छातीवर नाचणारी रणरागिणी’ म्हटलं होतं. त्यांनी ते उभ्यानं वाचलं. “ही रणरागिणी कोन वं? लई दमली असंल बिचारी. तिला आधी च्या पाजा,” म्हणाल्या आणि घडी घालून मलाच परत दिलं.

मंगळवार आला. मी फाट्यावर काळा झेंडा घेऊन हजर. समोर भिंत. बाईंनी हुकूम पाळला होता. वर मोठ्या अक्षरात ‘हार्दिक’, खाली मोठ्या अक्षरात ‘स्वागत’. दोन बाजूंना दोन हत्ती, सोंडेत हार. आणि हत्ती ज्याला हार घालत होते ते मधोमध, न पुसलेलं, झेंडूच्या तोरणाखाली नटून उभं होतं: ‘मंगळवार, सकाळी’ आणि शेंड्यावरचा सूर्य. चेअरमनसाहेबांनी आदल्या संध्याकाळी जीपमधूनच पाहणी केली होती. त्यांना हत्ती दिसले, ते खूश झाले.

मंगळवार म्हणून बायाही घागरी घेऊन आल्या होत्या. टँकर मात्र आला नव्हता.

मंत्र्यांची गाडी थांबली. मी झेंडा उंच केला. घोषणेसाठी छाती भरून घेतली, तोच मागून शेवंताकाकूंनी सदरा ओढला. “आरं बाबा, तुजं फडकं जरा बाजूला घे. सायबाला वाचू दे!”

मी बाजूला झालो. माझ्या चळवळीतल्या आयुष्यात माझ्या हातून घडलेलं हे बहुधा सर्वांत उपयोगी काम.

मंत्र्यांनी वाचलं. आकाशाकडं पाहिलं. सूर्य कडुनिंबाच्या शेंड्यावरून केव्हाच वर गेला होता. मग रिकाम्या घागरींकडं पाहिलं. “आज मंगळवारच ना? टँकर कुठंय?”

चेअरमनसाहेब रुमाल शोधू लागले. काकूच पुढं झाल्या. “तुमच्या म्होरंच गेला की, सायेब. तुमास्नी धुरळा लागू नये म्हणून रस्ता भिजवीत.”

खरंच होतं. मंत्र्यांच्या वाटेवर सडा घालायला सकाळीच टँकर जुंपला होता. फाट्यापर्यंतचा रस्ता पाण्यानं काळा दिसत होता. मंत्री चेअरमनसाहेबांच्या कानात थोडंच बोलले, पण तेवढ्यानं साहेबांची टोपी वाकडी झाली. दुपारच्या आत टँकर आला, आणि पुढं मंगळवार कधी चुकला नाही.

चूक बाईंची ठरली. जनसंपर्क विभागाची गरज उरली नाही असं त्यांना सांगण्यात आलं. महिनाअखेर क्वार्टर रिकामं करायचं होतं.

सामान न्यायला मी बैलगाडी घेऊन गेलो. बाई एकट्या राहतात हे सगळ्या भागाला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीचा कुणी विचार करत नाही. पुढच्या खोलीच्या भिंती कोऱ्या. मला नवल वाटलं. मग भांडी उचलायला स्वयंपाकघरात गेलो.

चुलीसमोरच्या भिंतीवर, जमिनीपासून मांडी घातलेल्या माणसाच्या उंचीएवढी, एक पंगत बसली होती. शेवंताकाकू होत्या, नळ मागणारी सासुरवाशीण होती, टँकरचा ड्रायव्हर होता, रंगाच्या डब्यांचंही तिकीट मागणारा यष्टीचा कंडक्टर होता. चेअरमनसाहेबसुद्धा होते, टोपी मांडीवर काढून, शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून. प्रत्येकाच्या पुढ्यात पत्रावळ, भाकरी, कालवण. एक पोरगेला माणूस हातात घास धरून आ वासून बसला होता. तोंड घासासाठी उघडलेलं नव्हतं, भाषणासाठी होतं. त्याचं कालवण निवलं असणार हे चित्रातही कळत होतं. मी मला ओळखलं.

बाई दारात आल्या. पहिल्यांदाच मला त्या ओशाळलेल्या दिसल्या.

“एकटीला घास उतरत न्हाय,” त्या म्हणाल्या. “म्हणून चार मानसं काढली. कुनाच्या घरात असं समद्यास्नी घिऊन बसायला मिळालं असतं मला?”

मी भांडी तशीच ठेवून पंगतीसमोर खाली बसलो.

क्वार्टर सोडताना भिंतींना चुना देऊन द्यायचा, असा कॉलनीचा नियम. बाईंनी बादलीत चुना कालवलेलाच होता. एक कुंचला त्यांनी माझ्या हातात दिला. “तुमच्यापासनंच सुरवात करा, लेखक. तुमचं बोलनं सरत न्हाय, बाकीचे उपाशी राहत्यात.”

मी माझ्यापासून सुरुवात केली. त्या दुसऱ्या टोकाकडून येत राहिल्या. चुना ओला असतो तोवर खालचं सगळं दिसतं. हात देऊन झाला तरी पंगत तशीच बसलेली दिसत होती. मग चुना वाळू लागला आणि एकेक जण पानावरून उठून गेल्यासारखा नाहीसा झाला. शेवटी काकूंचं हिरवं लुगडं तेवढं राहिलं होतं. ते जाईपर्यंत बाई तिथंच उभ्या होत्या.

आता त्या कळंबला एका खोलीत राहतात, दुकानांच्या पाट्या रंगवतात. काम कमी असलं की यष्टीनं आसपासच्या गावांत जाऊन अजूनही भिंती मागतात. उद्या तुमच्या दारी येतील, भिंतीला टकटक करतील, ‘काय म्हणती भिंत’ म्हणतील. माझी पत्रकं तुम्ही खुशाल वाणसामानाच्या पुड्यांना वापरा. पण माझं एवढं ऐका. बाईंना बाहेर ओट्यावर बसवू नका. वेळ जेवणाची नसली तरी आत न्या, पान वाढा. आणि ‘तुम्ही जेवा, आम्ही मागून बसतो’ असं म्हणू नका. घरात असतील तेवढे सगळे त्यांच्यासोबत बसा.