नलूबाईसाहेबांची हरभरा-मोहीम

स्वस्ति. शके एकोणीसशे सेहेचाळीस, नाम संवत्सर क्रोधी, पौष मासी मौजे गिरड, तालुका समुद्रपूर, येथे जे तुंबळ माजले, त्याचे वर्तमान पुढील पिढ्यांस कळावे आणि कोणी पदरचे तिखटमीठ लावू नये, म्हणोन ही हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.

नलूबाईसाहेब जन्मापासून अंध, परंतु कान ऐसे तिखट की समुद्रपूरची एसटी वळणावर येते न येते तो ती कोण ड्रायव्हर हाकतो हे ओट्यावर बसोन सांगत. त्यांस शल्य एकच होते. बाळपणी अष्टाचंगाच्या डावात त्यांनी टाकलेल्या कवड्या त्या चाचपोन पाहण्याआधीच भावंडे उचलीत, आणि दान काहीही पडो, बिचारी म्हणोन त्यांच्या नावे अष्टाच पुकारीत, आणि मग हीच रीत घरात पडली. ऐसे करता बाईसाहेब साठी उलटली तरी कोणाशी म्हणोन हरल्या नव्हत्या, आणि या अखंड विजयाने त्यांचा जीव विटला होता.

मग भाचे सचिनराव, पुण्यास मोबाइलचे खेळ रचण्याच्या चाकरीत असणारे, रजा घेऊन मुक्कामी आले आणि आत्याबाईंकरिता खासा खेळ सिद्ध केला. पडदा अवघा काळा, सारा कारभार कानी. हेडफोन चढवावा, डावे कानी खुसपुस झाली तर डावीकडे बोट मारोन रानडुक्कर पिटाळावे, उजवे कानी टापा वाजल्या तर उजवीकडे मारोन रोही, म्हणजे नीलगाय, हाकलावा, आणि हरभऱ्याचे शेत राखावे.

बाईसाहेब रणी उतरल्या आणि फत्ते झाली. पुन्हा उतरल्या, पुन्हा फत्ते. हरीफ म्हणोन सचिनरावांची बहीण आकांक्षा खेळे, तिचा हरभरा दर खेपेस साफ होई, आणि तमाम घर टाळ्या पिटी. बाईसाहेबांस शंका आली. मग त्यांनी फोन खाटेवर ठेवोन दिला आणि स्वस्थ तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या. थोड्याच वेळात फोन आपणहून गर्जला की शाब्बास, शेत राखले.

तेव्हा फर्मान सुटले ते ऐसे:

"काऊन रे सच्या, म्या बोटबी नाई लावलं अन् डुकरं पयाली कशी? आंधळी हावो मी, येडी नाई. तुह्यं डुक्करबी मले बिचारी समजून राह्यलं का?"

सचिनराव खजील झाले. आत्याबाईंचे मन दुखवू नये म्हणोन डुकरांस कुंपणापासोनच माघारी फिरण्याची ताकीद त्यांनीच गुप्तपणे दिली होती. मग हुकूम झाला की खरी डुकरे सुटेतोवर सचिनरावांस चहा बंद. पुण्याचे पाणी चाखलेला गडी चहावाचोन किती तगणार? दुसरे दिवशीच शरण आला, दयेचा सारा बंदोबस्त मोडला आणि कळप मोकाट सोडले. आकांक्षाबाईंनाही जाणोन न हरण्याची शपथ घातली.

मग ओट्यावर रण मांडले. वर्ध्याहून आणलेला गोरसपाक बिस्किटांचा डबा जिंकणारीसाठी मधोमध ठेवला. प्रथम आकांक्षाबाई लढल्या आणि बरेचसे शेत गमावून चार वाफे राखले. मग बाईसाहेब बसल्या. डावी बाजू राखिली, उजवी राखिली, आणि मग दोन्ही कानी एकदम धुमाळी उठली. कपाळी घाम आला. "हाड! हाड!" ऐसी आरोळी ठोकली की गल्लीतील खरी कुत्री पळाली, परंतु डुकरे हटली नाहीत. फोन गर्जला की शेत गेले.

सचिनरावांनी माफीसाठी तोंड उघडले, तो बाईसाहेबांनी हात वर केला आणि पुसिले,

"सारा खाल्ला?"

"सारा, आत्याबाई," आकांक्षाबाई रडवेल्या होऊन बोलल्या. "एक घाटाबी नाई ठेवला."

तेव्हा बाईसाहेब ऐशा हसल्या की डोळ्यांस पाणी आले. मग चाचपडत डबा उचलोन आकांक्षाबाईंच्या हाती दिला. दुसऱ्याने जिंकलेले बक्षीस आपल्या हाते त्यास देण्याचे सुख त्यांस आजवर ठाऊक नव्हते. ते मिळाले, आणि लगोलग त्यांनी हेडफोन पुन्हा चढविला.

"आता पुन्हा लाव. अन् डुकराईले सांगजो, नलू आली म्हणा."

येणेप्रमाणे गिरड मुक्कामी नलूबाईसाहेब जन्मात प्रथमच हरल्या. ही थोर फत्ते त्यांचेच नावे नोंदिली असे.