तात्यांची तोंडी परीक्षा

"बारा माणसं? साहेब, जेवणाच्या सुट्टीपर्यंत यादी तुमच्या टेबलावर!"

निवडणूक कार्यालयातल्या तात्या हेडक्लार्कनी छाती फुगवून सांगितलं. मतदान केंद्रांवर बसायला आपली भाषा आणि नदीपलीकडच्या लोकांची भाषा, दोन्ही बोलणारी माणसं हवी होती. तात्यांना पलीकडचं एकच वाक्य यायचं. त्यांची शेजारीण रोज सकाळी ते अंगणातून खणखणीत आवाजात म्हणायची. "या, बसा"च असणार! तात्याही रोज हात जोडायचे.

मुलाखती दुसऱ्या मजल्यावर. आधी एक शिक्षिका आली. तात्यांनी हसून वाक्य फेकलं. बाई दचकली, पर्स उचलली आणि जिना उतरून गेली!

"नापास! एवढंही कळत नाही?"

मग शिंपी आला. तोही गेला. नर्स तर पळतच गेली. पण काहीजण गोड हसून खुर्चीत बसायचे. "वा! याला येते भाषा!" म्हणत तात्या नाव लिहायचे. बाराच्या आत बारा नावं!

एवढ्यात झाडू मारणाऱ्या मावशी आल्या.

"तात्या, चाळीस माणसं उन्हात का उभी केलीत?"

"मी?"

"तुम्हीच त्यांना 'खाली उतर आधी' म्हणालात म्हणे!"

तात्यांना शेजारणीची रोज सकाळी भिंतीवर चढणारी मुलगी आठवली. शेजारीण तिला ओरडत होती तर! म्हणजे ज्यांना भाषा येत होती ते खाली, आणि ज्यांना ओ की ठो कळलं नाही ते यादीत!

त्यांनी खिडकीतून पाहिलं. अंगणात सरळ रांग. एकही माणूस घरी गेला नव्हता!

तात्या धावत खाली गेले. मागोमाग मावशी. अकरा वर्षं ज्या मावशींच्या तोंडून तात्यांनी "पाय उचला" एवढंच ऐकलं होतं, त्या धबधब्यासारख्या पलीकडचं बोलू लागल्या. तात्या आ वासून बघत राहिले.

रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजी मावशींना पलीकडच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मावशींनी सांगितलं, "गेल्या खेपेला यांचं बोलणं केंद्रावर कुणालाच कळलं नाही. मत न देताच परतल्या. मग सत्तराव्या वर्षी आपली इकडची भाषा शिकल्या. म्हणतात, आता टेबलापलीकडे मीच बसते. संध्याकाळपर्यंत थांबायचीही तयारी आहे."

तात्या मावशींकडे वळले.

"मावशी, 'माफ करा' कसं म्हणतात?"

मावशींनी सांगितलं. तात्या म्हणाले. आजींनी मान हलवली आणि पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा! चाळीस जण कान देऊन ऐकत होते. चौथ्या खेपेला आजी काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणाल्या?"

"पास केलंय तुम्हाला," मावशी म्हणाल्या. "काठावर."