बन्यामिननानांचं आवतण

थोरलीला नगरला नर्सची नोकरी लागली. त्याबद्दल घरी उपकारस्तुतीची प्रार्थना आणि दुपारचं जेवण ठेवलं, आणि आमंत्रण मी चर्चच्या मंडळीच्या मोबाईल ग्रुपवर टाकून मोकळा झालो. ‘सर्वांनी अगत्य यावे’, आणि खाली जोडलेले दोन हात. आपण फारच सुधारलो, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

मांडवात पंगत बसली. आणि समोर, माझ्या दारापासून वीस पावलांवर, बन्यामिननाना आपल्या ओट्यावर इस्त्रीचा कोट घालून पिठलं-भाकरी खात होते. आमची जिलबी त्यांना दिसत होती, त्यांचं पिठलं आम्हाला. मी धावत गेलो, म्हणालो, नाना, अहो चला की. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मास्तर, जेवता जेवता उठू न्हाई मानसानं. पोरीसाठी प्रार्थना केलीया मी हितूनच.”

मग कोट कशाला घातला होता, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

नानांच्या आवतणाचे नियम सगळ्या कोल्हारला पाठ आहेत. मीच विसरलो. घरातल्या कर्त्या माणसानं यायचं, दाराशी यायचं, नाव घ्यायचं. रस्त्यात गाठून कोणी “या बरं का नाना” म्हणालं, तर ते “रस्त्यावरचं रस्त्यावर ऱ्हायलं”. छापील पत्रिका आली तर ती उलटीपालटी करून बघतात आणि म्हणतात, “कागुद बोलतो व्हय?” सख्ख्या पुतण्याच्या लग्नाचं आवतण भावाऐवजी पुतण्याच घेऊन आला, तर नानांनी आहेराचं पातेलं मांडवाच्या कमानीपाशी ठेवलं, नवरा-नवरीसाठी लांबूनच हात जोडले आणि उपाशी घरी आले.

हे सगळं नोकरीमुळे झालं असावं, असं मी लोकांना सांगत असे. तीस वर्षं नाना साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. “कुनाकडं जायाचं? त्यांनी बोलावलंय का?” या दोन प्रश्नांवर त्यांनी चेअरमनच्या मेव्हण्यालासुद्धा तासभर उन्हात उभं केलं होतं. माझं स्पष्टीकरण सगळ्यांना पटायचं. मला तर फारच पटायचं.

पण चर्चमधलं त्यांचं वागणं त्यात बसत नव्हतं. रविवारी सगळ्यांच्या आधी नाना हजर. खिडक्या उघडणार, बाकं पुसणार आणि दारालगतच्या शेवटच्या बाकावर बसणार. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. पाळकसाहेब म्हणतात, सर्वांनी मेजाजवळ यावे. लोक उठले की नानाही उठतात आणि बाहेर जाऊन सगळ्यांच्या चपला जोडीजोडीनं लावत बसतात. तारुण्यात दृढीकरण होऊन प्रभुभोजनाचा हक्क मिळालेला माणूस, पण त्या मेजाजवळ एकदाही गेलेला नाही. त्यांच्या पत्नी रत्नाकाकू होत्या तोवर त्या एकट्या जायच्या. परत येताना दारापाशी थांबायच्या, वाकलेल्या नवऱ्याकडे क्षणभर बघायच्या आणि जागेवर जाऊन बसायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

मी मंडळीतला पंच. भाकरीचं तबक माझ्याच हातात असतं. चपला नीट लागतात याचं मला कौतुकच होतं.

जेवणाच्या प्रकरणावरून मी आठ दिवस फुगून बसलो होतो. शेवटी बायको म्हणाली, “तुमच्या एका जिलबीला आले नाहीत, तर तुम्ही एवढे रुसलात. तिथं चर्चमध्ये तर ज्यानं जीव दिला त्याचं ताट आहे, आणि नाना बाहेर चपला लावतात. त्याला काय वाटत असेल?” आणि शनिवारी सकाळी तिनं मला धुतलेला सदरा घालायला लावून समोरच्या घरी धाडलं.

मी दाराची कडी वाजवली. “जय ख्रिस्त,” म्हणालो. “नाना, उद्या प्रभुभोजनाला या.”

नानांनी मला आत घेतलं, चहा केला, आणि मग विचारलं, “यजमान कोन?”

मी म्हणालो, खरं सांगायचं तर मला बायकोनं पाठवलंय. नाना हसले.

“ईस वर्साचा हुतो,” ते म्हणाले. “मिरजगावकडं लग्नाला गेल्तो, दोस्ताबरुबर. लाऊडस्पीकरवर म्हनत हुते, समद्यांनी बसा, समद्यांनी बसा. मी बसलो. पत्रावळीवर भात पडला. तवर एकजण आला अन् म्हनला, तुला कुनी बोलावलं रं? दंडाला धरून उठवलं. समदी पंगत बघत हुती.”

मी कप खाली ठेवला.

“ती मानसांची पंगत, मास्तर. तिथनं उठवलं तर मानूस घरी येतो. त्याच्या पंगतीतनं उठवलं तर जायाचं कुठं?”

भिंतीवर रत्नाकाकूंनी टांगलेलं एक जुनं कॅलेंडर होतं. प्रभू बंद दाराशी उभा राहून दार ठोठावतो आहे, ते चित्र. नाना त्याच्याकडे बोट करून म्हणाले, “ती रोज ह्याच्याम्होरं बसायची. ह्ये दार कुनाचं?”

मी पंचासारखं बोललो. म्हणालो, कुणाचंही.

“कुनाचंबी म्हंजी कुनाचंच न्हाई. नाव घ्या.”

“तुमचं आहे नाना,” मी म्हणालो. “बन्यामिन सखाराम साळवे यांचं. तो तुमच्याच दाराशी आलाय.”

नानांनी कप विसळला, पालथा घातला. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, “किती वाजता?”

ज्या माणसानं चाळीस वर्षं त्या चर्चच्या खिडक्या उघडल्या, त्याला मी सांगितलं, नऊ वाजता.

रविवारी नाना कोट घालून बरोब्बर नऊला आले. खिडक्या मलाच उघडाव्या लागल्या. मेजाजवळ यायची वेळ झाली तसे ते पहिल्या ओळीत आले. बाकीचे गुडघे टेकून बसले, नाना उभेच. पाळकसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मग माझ्या लक्षात आलं. मी हळूच म्हणालो, “बसा, नाना.” नाना बसले. भाकरी त्यांनी ओंजळीत घेतली.

पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, ओळ उठली. नाना उठले नाहीत. सगळी पंगत झाल्याशिवाय मध्येच उठायचं नसतं ना! दुसरी ओळ आली, त्यांच्या दोन्ही बाजूंनी बसली. तिसरी आली. जागा कमी पडायला लागली, तसा मी पंचगिरी करायला पुढे झालो. हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला होता. तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला, आणि मी तो हात मागे घेऊन खिशात घातला. शेवटची ओळ उठली तेव्हा नाना उठले.

घरी आल्यावर जेवताना मी बायकोला म्हणालो, शेवटी आवतण माझंच लागू पडलं. तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली.

“तुमचा हात त्यांच्या खांद्याकडे गेला ना,” ती म्हणाली, “तेव्हा मी डोळे मिटले. इतक्या वर्षांत एवढ्या कळवळून कधी प्रार्थना केली नव्हती मी.”