चौथी वस्तू

"अहो, लिहून घ्या," निवेदिता म्हणाली आणि प्राध्यापक स्वानंद दुखावलेच. कॉलेजात वर्किंग मेमरी, म्हणजे तात्पुरती स्मरणशक्ती, शिकवणाऱ्या माणसाचा याहून मोठा अपमान तो कोणता?

"अगं, डोक्यात एका वेळी चार गोष्टी आरामात मावतात. मनात घोकत राहायचं, बस्स. बोल तू!"

"कैऱ्या, गूळ, वेलची, गजरे. पाचला चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका येतायत. काही राहिलं तर मंडळात माझ्या इज्जतीचा फालुदा होईल!"

मोबाइल मुद्दाम घरी ठेवून स्वानंद निघाले. ओठांवर जप चालूच होता. छत्रीबागेच्या गल्लीत शेजारचे अशोकराव भेटले.

"काय स्वानंदजी, कुठे चालले?"

बोललं की घोकणं तुटणार. स्वानंदांनी नुसता हात वर केला आणि ओठ हलवत पुढे गेले.

"मौनव्रत दिसतंय भियाचं," 'भैया'चा इंदुरी 'भिया' करत अशोकरावांनी मागून हात जोडले.

कैऱ्या झाल्या. जयेशच्या किराणा दुकानात गूळ-वेलचीकडे बोट दाखवलं. जयेशने आधी मूठभर शेव हातावर ठेवली.

"प्रोफेसर भिया, एकदम ताज़ी है, चखो तो!"

इंदुरात हातावर आलेली शेव नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. स्वानंदांनी तोबरा भरला. वर्गात ते मुलांना 'ला ला ला' म्हणत शब्द पाठ करायला लावायचे. तोंड दुसऱ्या कामात गुंतलं की घोकणं थांबतं आणि आठवण गळते, हे त्यांना दाखवायचं असे. आज तोंडात शेव होती, एवढाच फरक. घास उतरला तेव्हा चौथी वस्तू गायब झाली होती.

"जयेश, हळदीकुंकवाला काय लागतं रे?"

"हल्दी और कुंकू!"

"बरोब्बर!" स्वानंदांचा जीव भांड्यात पडला. दोन्ही घेतलं, वर अर्धा किलो शेवही घेतली.

घरी निवेदिताने पिशवी उपसली. "गजरे?"

स्वानंदांचा चेहरा पडला. बायका यायची वेळ झाली होती. निवेदिताने शांतपणे फ्रिज उघडला आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले गजरे बाहेर काढले.

"अगं, होते तर मला सांगितलेस कशाला?"

"तीनच वस्तू सांगितल्या असत्या, तर दोनच आल्या असत्या."

"पण गजरेच राहतील, हे कसं कळलं?"

"लग्नापासून कधी लक्षात राहिलेत तुमच्या?"

स्वानंदांनी एक गजरा उचलला आणि तिच्या अंबाड्यात माळला. वाकडाच बसला. दारावरची बेल वाजली, तरी निवेदिताने तो सरळ केला नाही.