आमचे साडू आणि बिद्रीचा स्टॉपर

फुटबॉलची मॅच बघताना आमचे अण्णा बॉलकडं बघत नाहीत. सगळं ग्राउंड डावीकडं मान वळवतं तेव्हा हे उजवीकडं बघत असतात. गोल झाला, लोक नाचायला लागले की शेजारच्याचा शर्ट ओढून विचारतात, "कुनी मारला?" आणि उत्तराला थांबत नाहीत. "बॉल काय, कुनालाबी दिसतोय मास्तर. बॉल नसताना गडी काय करतोय ते बघायचं असतंय!"

अण्णा म्हणजे माझे थोरले साडू. कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांचं मोटारींच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. सासुरवाडीला तांबड्या रश्श्याची पहिली वाटी अण्णांपुढं जाते, दुसरी माझ्यापुढं. मेव्हण्याची सोयरीक ठरवायची तर अण्णांना विचारतात, मला कळवतात. आता माझ्या पोटात का दुखतं, हे वेगळं सांगायला नको.

त्यात गेल्या हिवाळ्यात अण्णांच्या एका जुन्या मित्राचा गोव्याहून फोन आला. हा मित्र तिथल्या एका व्यावसायिक क्लबासाठी खेळाडू हेरतो. इथल्या कॉलेजच्या संघात संग्राम नावाचा स्टॉपर आहे, तो घेण्याजोगा आहे का, एवढं बघून सांग, म्हणाला. स्टॉपर म्हणजे बचावात मधोमध उभं राहून समोरून येणाऱ्याला अडवणारा. तरुणपणी अण्णाही पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात तेच खेळायचे. पुढं मुंबईच्या एका क्लबानं नेलं, पण महिन्याभरात परत आले; काढून टाकलं, असं घरात सगळे म्हणतात.

पोरगं कोल्हापूरजवळच्या बिद्री गावचं. दाराएवढं उंच, आडवं आलं की समोरचा रस्ता बदलायचा. अख्खं कोल्हापूर त्याच्यावर खूश होतं, अण्णा सोडून.

"उडी चांगली हाय, पन डोक्यानं बॉल मारताना डोळं मिटतंय."

"अडवतोय झकास, पन डावा पाय निस्ता रिक्षात चढायला ठेवलाय."

एका रविवारी मला स्कूटरवर मागं घालून ते थेट बिद्रीला संग्रामच्या घरी गेले. पोरगा घरी नव्हता. अण्णांनी त्याच्या वडलांना अंगणातून चालायला लावलं. "बापाचा गुडघा बघाय पायजे. पोराचा पुढं तसाच हुतोय." वडील बिचारे गोठ्यापर्यंत जाऊन आले. मग अण्णांनी आईला विचारलं, पोरगा जेवतो किती, झोपतो किती, चिडला तर ताटावरनं उठतो का? शेवटी वडलांना राहवेना.

"पावणं, मुलगी कुठली म्हनायची?"

मी हसू दाबायला चहात तोंड घातलं. अण्णा मात्र आईकडंच बघत होते. "घर सोडून कदी ऱ्हायलाय का ह्यो?"

"कुठला ओ! मामाकडं धाडलावता. दुसऱ्या दिवशी दारात हुबा!"

परत येताना अण्णा आमच्या गल्लीचं वळण चुकले.

पुढच्या मॅचला संग्राम असा खेळला की समोरच्या संघाला गोलपर्यंत पोचताच आलं नाही. लोक ओरडत होते. त्याच गोंगाटात अण्णांनी गोव्याला फोन लावला. डोळे मिटतो, डावा पाय कच्चा, डोकं तापट, एकेक खोड मोजून सांगितली आणि बोलत बोलत गॅलरीचा जिना उतरून गेले. माझं डोकं सणकलं. मी खाली जाऊन त्यांना गाठलं.

"अण्णा, तुम्ही जळताय त्या पोरावर! मुंबईच्या क्लबातनं महिन्यात परत आलात, म्हणून त्याचंही वाटोळं करताय."

"व्हय, जळतोय की!" अण्णा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की चार माणसं वळली. "त्याच्या जागी मी असायला पायजे असं वाटतंय. रोज वाटतंय. पन खाली जाऊन काय सांगितलं, ऐकलास? घेच म्हनलं त्याला. निस्तं कौतुक करून धाडला, तर डावा पाय बघितला की हाकलतील. आता म्हाईत हाय त्यास्नी. शिकवून घेतील."

घेतला त्यांनी. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर गेलो. संग्रामची आई पिशव्यांत डबे भरत होती, वडील पिशव्या मोजत होते. अण्णांनी संग्रामला खांबाआड नेलं. मी पेपर विकत घेण्याच्या निमित्तानं जवळ सरकलो.

"हे बघ. आठ-धा दिसांत घरची आठवण येती. तिथं भाकरी नसती आनि भाकरीचा वास येतोय. मी त्यापायीच पळून आलतो. खेळात कमी न्हवतो. घरात समद्यांस्नी वाटतंय, मला काडून टाकला. मीबी तसंच वाटू दिलं."

संग्राम खाली बघत होता.

"तसं झालं की मला फोन लाव. बोलायला आलं न्हाय तर बोलू नगंस. निस्ता लाव. मी दुकानातच असतोय."

पोरगं पायाशी वाकलं. गाडी गेली. मी पेपर उलटा धरून उभा होतो. इतक्या वर्षांचा साडू मी, एका मांडवातला जावई. मला कधी सांगितलं नाही, आणि कालच्या पोराला उभ्याउभ्या सांगून टाकलं! खरं सांगतो, त्या क्षणी मला संग्रामचा हेवा वाटला. त्याच्या खेळाचा नव्हे.

दुपारी दुकानात डोकावलो. अण्णांनी फोन गल्ल्यावर समोरच उताणा ठेवला होता. गिऱ्हाईक क्लचप्लेट मागत होतं, अण्णांचं लक्ष नव्हतं. एवढ्यात फोन वाजला. अण्णांनी झडप घातली.

पलीकडून आमच्या मेव्हणीबाई येताना कोथिंबीर आणायला सांगत होत्या.

"आनतो, आनतो," अण्णा कावरेबावरे होत म्हणाले, "पन तू ठेव आदी. लाइन मोकळी ऱ्हाऊ दे."