कुलपातलं मीठ

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच आमच्या ह्यांचं, म्हणजे मल्लेशचं, ब्लडप्रेशर वाढलं आणि आळ आला माझ्या मिठावर.

"पोराला कधी प्रेशरची गोळी लागली न्हाई," सासूबाई शांतम्मा म्हणाल्या. "हिच्या हातचं खाल्लं अन् लागली." दुसऱ्या दिवशी मिठाचा डबा कडीकुलपात गेला. (उदगीरच्या आमच्या घरात सोनंसुद्धा उघड्या कपाटात असतं.)

गोळ्या वाढत गेल्या, भाज्या अळणी होत गेल्या, प्रेशर तिथंच. मल्लेश मुकाट्यानं जेवायचे आणि दुपारी आमच्या दुकानामागच्या खोलीत आडवे होऊन घोरायचे. (नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, आत पिठाची गिरणी आहे.) रात्री मी दमून आधीच झोपायची. एकदा दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गेले, ते जेवून झोपले आणि मी ऐकत बसले. घोरणं मध्येच थांबलं. छातीही हलेना. मी घाबरून उठले, तेव्हा कुठं त्यांनी बुडता माणूस वर आल्यासारखी हवा ओढली.

लातूरच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. मल्लेश तिथंही खुर्चीत पेंगत होते.

"घोरतो म्हणजे गाढ झोपतो, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "ह्याचे वडील असेच घोरायचे. झोपेतच गेले. लई पुण्यवान."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घोरता घोरता त्यांचा श्वास थांबायचा का?"

सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "थांबायचा. मी हलवायची." मग हळूच म्हणाल्या, "त्या दुपारी मी मठात गेले व्हते."

"श्वास अडला की शरीर घाबरतं, प्रेशर चढतं," डॉक्टर समजुतीनं म्हणाले. "रोज झोपेत हेच चाललं तर एकटी गोळी काय करणार?"

तपासणी झाली. झोपताना नाकावर लावायचं, हवा देणारं मशीन घरी आलं.

"लग्नात बाशिंग बांधलं, आता हे," मल्लेश म्हणाले.

पट्टा सासूबाईंनी स्वतः बांधला. मशीन सुरू झालं तरी त्या पोराच्या छातीवर हात ठेवून बसून राहिल्या. मी त्यांना उठा म्हटलं नाही.

हळूहळू प्रेशर उतरलं. बेताचं मीठ चालेल, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी कुलूप काढून डबा माझ्या हाती दिला. "तुझ्यावर उगं आळ घेतला, सुकन्या."

मी डोळे पुसले आणि जीव ओतून वांग्याची भाजी केली. बेताचंच, पण मीठ घातलेली.

सगळे जेवत होते. प्रत्येक घासामागं पाण्याचा घोट जात होता. शेवटी मल्लेश, जे आता दिवसभर टक्क जागे असतात, म्हणाले, "अव्वा, इतके दिवस मला वाटायचं, मीठ नाही म्हणून भाजी अशी लागते."

"मलाबी," सासूबाई म्हणाल्या.