औक्षणातली नेत्रपरीक्षा

एका दृष्टिक्षेपात मनुष्य ओळखतात, अशी माधवरावांची परभणीत ख्याती होती. आणि ती पसरविली होती स्वतः माधवरावांनीच! भाजीवाल्याचा काटा असो वा पंचांगातले ग्रहण, पडताळल्यावाचून ते काही मान्य करीत नसत. मग कन्येला पाहण्यासाठी पूर्णेहून आलेला, रेल्वेत नोकरी करणारा वर ते तसाच कसा स्वीकारणार?

वर शंतनू विनयाने बसला होता. माधवरावांनी गोत्र विचारले. उत्तर चोख आले. परंतु वराची नजर त्यांच्या कानावरून पलीकडेच कुठेतरी गेली!

'तिरळा!' संशयाची पाल चुकचुकली.

"रेल्वेत डोळे तपासतात का हो?" त्यांनी वरपित्याला, किशनरावांना विचारले.

"तपासल्याशिवाय घेतेत का? लय कडक असतंय बघा!"

'एवढ्या जोराने सांगतात, म्हणजे पाणी मुरते आहे!'

कन्या स्वरदा दवाखान्यात डोळे तपासण्याचेच काम करी. समोर दिवा धरावा, दोन्ही बुबुळांत ज्योत एकाच जागी दिसावी. मग एक डोळा झाकावा, दुसरा हलू नये, असे तिनेच एकदा जेवताना सांगितले होते. पण पाहुण्याच्या तोंडावर टॉर्च कसा मारावा?

"अहो, निरांजन आणा! वात मोठी करा!"

"आत्ताच?" सुनेत्राबाई चकित झाल्या. "आणि ओवाळायचं असतं बायकांनी!"

"द्या इकडे! मीच ओवाळतो!"

वराच्या नाकाला चटका बसेपर्यंत माधवरावांनी निरांजन पुढे नेले. ज्योती दोन्ही बुबुळांत मधोमध होत्या. पण पाहता पाहता दोन्ही एकदमच एका बाजूला सरकल्या! हा कोणता विकार? त्यांनी तळहाताने वराचा उजवा डोळा झाकला.

"हलू नका!"

शंतनूला तो आशीर्वाद वाटला. त्याने लवून पायच धरले! तूप धोतरावर सांडले!

"व्याह्यांनी औक्षण करून डोक्यावर हात ठेवला! ठरलं हो!" किशनराव गरजले आणि त्यांनी पिशवीतला पेढा माधवरावांच्या मुखात कोंबला.

"अहो, मी तर फक्त त्यांचे डोळे..."

"सरळ आहेत, बाबा," मागून स्वरदा लाजत म्हणाली. "दवाखान्यात मीच तपासलेत. पाडव्यापासून, दर शनिवारी."

"दर शनिवारी? इतका कसला आजार?"

"जरा वळून बघा की," सुनेत्राबाई हसू दाबीत म्हणाल्या, "पोरगं कुठं बघायलंय ते!"

माधवराव वळले. बरोबर त्यांच्या कानामागे स्वयंपाकघराचे दार होते, आणि दारात स्वरदा!

दुसरा पेढा मात्र माधवरावांनी आधी हुंगून पाहिला, मगच तोंडात टाकला.